हॉल खाली करून द्यायला पाहिजे

शरदिनी देवस्थळीने आयुष्यातली पहिली पाटी रंगवून घेतली आणि चौथ्या दिवशी उतरवली.

पाटीवर वावगं काही नव्हतं. निदान अमरावतीत नव्हतं. तिच्या माहेरी गणित शिकवणाऱ्या त्या बाई, शिवण शिकवणाऱ्या त्या बाई, आणि नाच शिकवणाऱ्या त्याही बाईच. बाई वर्गात आल्या की पोरी उठून उभ्या राहायच्या. तेव्हा लग्न होऊन काशीला आल्यावर, संसार मार्गी लागून मुलगा कॉलेजात गेल्यावर, तिने दारावर निळ्या अक्षरांत लिहून घेतलं : ‘शरदिनी बाई – कथक नृत्य.’ पण पाटी लागली होती बनारसच्या गल्लीत. इथं नाच आणि बाई हे दोन शब्द एका पाटीवर आले की उठून उभे राहणारे लोक वेगळे असतात.

चौथ्या दिवशी संध्याकाळी दोन गृहस्थ दारात हजर. एकाच्या तोंडात पान, दुसऱ्याच्या मनगटाला मोगऱ्याचा गजरा. दार उघडलं सुमंतने, म्हणजे शरदिनीच्या नवऱ्याने. अंगात बनियन, हातात पेपर.

"बाईजी बैठी हैं?" पानवाल्याने कोठ्याच्या दारात विचारावं तशा अदबीने विचारलं.

सुमंत रेल्वेच्या ऑफिसातला कारकून. जेवढं विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायची त्याला सवय. तो आत डोकावून आला आणि म्हणाला, "हाँ, बैठी हैं. सब्जी काट रही हैं."

पुढचं काय झालं ते सुमंत सांगत नाही. शरदिनी विळीवरून उठून बाहेर आली आणि गजरा गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत धावत गेला, एवढं शेजाऱ्यांनी पाहिलं. त्याच दिवशी पाटी उतरली.

गोष्ट गल्लीतच राहिली असती. पण ती रत्नाकरराव पाटणकरांच्या कानावर गेली, आणि त्यांच्या कानावर गेलेलं कधी कानातच राहत नाही. रत्नाकरराव हे काशीनिवासी महाराष्ट्र बंधुभगिनी मंडळाचे सचिव. युनिव्हर्सिटीच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. सात पिढ्या काशीत गेल्या, तरी मराठी भाषा या शहरात टिकून आहे ती आपल्याच खांद्यावर, असं ते दर सभेत सांगत. भाषेचं खांद्यावरून उतरायचं मन होत असेल, पण ते तिला उतरू देत नसत. त्यांचं मराठी म्हणजे हिंदीला नऊवारी नेसवून उभं केलेलं. ते मुद्दाम शरदिनीकडे आले, दोन कप चहा घेतला आणि म्हणाले, "वहिनी, बुरा नका मानू. पण इथं राहायचं तर पहिले भाषा सिखायला पाहिजे. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर माणूस कुठल्या कुठे फसतो, बघितलं ना?"

शरदिनीने बघितलं होतं. तिने रिकामे कप उचलले. पण हे वाक्य तिने जपून ठेवलं.

वर्ग मग गच्चीवर सुरू झाला, पाटीशिवाय. चार मुली, एक तबल्याचं मशीन आणि माकडं. माकडांनी पहिल्याच महिन्यात मुलींच्या घुंगरांची एक जोडी पळवली. दोन दिवस गल्लीभर छपरांवरून छुमछुम ऐकू येत होती, आणि लोक म्हणत होते की मास्तरीणबाईंच्या शिष्यांत हाच काय तो तालाला पक्का. शरदिनीला हसू येत नसे. तिला फार गोष्टींचं हसू येत नसे, हेही खरं. ती कडक होती. मुलींच्या आयांना वर्गात बसू देत नसे, सिनेमाच्या गाण्याचं नाव काढलं की दार दाखवत असे, आणि उशिरा आलेल्या मुलीला दारात उभं करून तिच्याकडून सोळा मात्रा मोठ्याने म्हणवून घेत असे. रोज सकाळी अन्नपूर्णेच्या दर्शनाला जायची. तिथं ती मागत काही नसे. आदल्या दिवशी कोण चुकलं आणि कोण उशिरा आलं याचा रिपोर्ट तेवढा देऊन यायची.

मुली चाराच्या अकरा झाल्या तेव्हा गच्ची अपुरी पडू लागली, आणि शरदिनीने मंडळाकडे हॉल मागितला.

मंडळाची इमारत मुन्शी घाटाच्या पायऱ्या चढून वर आलं की डाव्या हाताच्या गल्लीत. खाली कोठार, मधल्या मजल्यावर हॉल, सगळ्यांत वर अध्यक्ष वेणीमाधवशास्त्री राहतात आणि पाच-सहा मुलांना वेद शिकवतात. हॉलला तीन मोठ्या खिडक्या आहेत, तिन्हींतून गंगा दिसते. नावात बंधूंबरोबर भगिनी आहेत, पण सभेला बंधू बसतात आणि भगिनी चहा करतात. समितीवर एकच भगिनी : रत्नाकररावांची सून मृणालिनी. तिला मत विचारतात ते साखरेबद्दल.

हॉल मिळाला. दुपारी चार ते सहा. एका अटीवर.

"घुंगरू नाही बांधायचे," रत्नाकरराव म्हणाले.

"कथक आहे हो. घुंगरांशिवाय?"

"वर शास्त्रीबुवांचं वेदपठण चालतं. त्यांना तकलीफ होते. आणि आपली घरं पुरोहितांची, वहिनी. खालून छुमछुम आवाज गेला तर यात्रेकरू काय समजतील? आधीच तुमची ती पाटी..."

शास्त्रीबुवांचं नाव आल्यावर शरदिनीने वाद सोडला. चौऱ्याऐंशी वर्षांचा वेदमूर्ती माणूस. त्यांच्या पठणात आपल्यामुळे विघ्न नको, असं तिला मनापासून वाटलं. तिने कानाला हात लावला आणि मुलींचे घुंगरू पिशवीत बांधून ठेवले.

सहा वर्षं तिने घुंगरांशिवाय कथक शिकवलं. सतारीला तारा न लावता सतार शिकवावी असला प्रकार. पण ती हटवादी. "घुंगरू खोटं बोलू देतात," ती मुलींना सांगायची. "पाय चुकला तरी शंभर घुंगरू मिळून आवाज भरून काढतात. तळवा खोटं बोलत नाही. तळवा वाजवा." आणि मुली दगडी फरशीवर तळवे वाजवायच्या, ता थेई थेई तत्. घुंगरू फक्त परीक्षेला जाताना पिशवीतून निघायचे. एकदा बाहेरगावच्या परीक्षकांनी तिला बाजूला घेऊन विचारलं, "आपकी लड़कियों के पैर इतने साफ कैसे हैं?" मंडळाच्या कृपेने, असं उत्तर तिच्या जिभेवर आलं होतं. ती नुसती हसली.

दर चैत्रात ती अर्ज करायची, घुंगरांची परवानगी द्या. दर चैत्रात रत्नाकरराव तिला मंडळाच्या घटनेचं अकरावं कलम दाखवायचे. हे कलम त्यांनी स्वतः घातलं होतं, त्याचा त्यांना अभिमान होता. मंडळाचा कारभार फक्त मराठीत लिहायचा. अध्यक्षांनी सही करून कायम केलेला ठराव वर्षभर उघडायचा नाही. आणि लिहिलं असेल त्या शब्दाला धरून चालायचं, मनात काय होतं ते विचारायचं नाही. ‘हॉल पूर्वीच्याच अटीवर द्यावा’ असा, घुंगरांचं नावही न घेणारा ठराव ते दरवर्षी न चुकता नव्याने कायम करून घेत. भगवंताचं नामस्मरणही त्यांनी इतक्या नियमाने केलं नसेल.

तरी शाळा वाढली. सहा वर्षांत अकराच्या सव्वीस मुली झाल्या. मराठी घरातल्या होत्या, घाटावरच्या होत्या, साड्यांच्या व्यापाऱ्यांच्या होत्या. कोणी तिला दीदी म्हणे, कोणी मॅडम. बाई म्हणणारी एकच, अंतरा. नऊ वर्षांची, वडिलांची बँकेत बदली झाली म्हणून नांदेडहून नुकती आलेली.

अंतराने पहिल्याच दिवशी शरदिनीला कोड्यात टाकलं होतं. शरदिनी तीनताल शिकवत होती. सोळा मात्रा, पहिलीला सम, पाचवीला टाळी, तेरावीला टाळी, आणि नवव्या मात्रेला टाळी नाही, नुसता हात बाहेर फेकायचा. "तिथे खाली," तिने सांगितलं. बाकीच्या मुलींनी हात फेकला. अंतराने मान खाली घातली आणि जमिनीकडे बघितलं.

"काय गं, काय पडलंय तिथे?"

"तुम्हीच म्हणालात, बाई. खाली."

मुली फिदीफिदी हसल्या. शरदिनी चक्क हसली, असं म्हणतात. "अगं, इथलं खाली म्हणजे रिकामं," तिने समजावलं. "तिथे टाळी नसते. पण मात्रा असते बरं का. रिकामी दिसते म्हणून मोजायची सोडलीस तर समेवर येताच यायचं नाही." अंतराने मान हलवली. हातही फेकायला लागली. मान मात्र नवव्या मात्रेला जरा खाली जायचीच.

असं सगळं चाललं असताना रत्नाकररावांचा पुतण्या कुणाल गुरुग्रामची नोकरी सोडून घरी परत आला.

काशीला आता जो तो येतो. ज्याच्या घराला खिडकी आहे त्याने खोलीचा होमस्टे केला, ज्याला खिडकी नाही त्याने गच्चीचा कॅफे केला. कुणालने काकांच्या हॉलला तीन खिडक्या पाहिल्या आणि त्याला साक्षात्कार झाला. एका दुपारी ऐन वर्गात तो आणि रत्नाकरराव हॉलमध्ये आले, चपला घालून. शरदिनीने चपलांकडे बघितलं. रत्नाकररावांनी काढल्या. कुणालने बघितलं नाही.

"ताई, कन्सेप्ट ऐका," तो म्हणाला. "नाव आहे काशी अनुभूती. गेस्ट इथं बसणार, समोर गंगाजी, हातात थाळी. आरतीनंतर पंधरा मिनिटं तुमच्या मुलींचं कथक. लोकांना ऑथेंटिक पाहिजे. घुंगरू तर मस्टच आहेत."

"घुंगरू?" शरदिनीने रत्नाकररावांकडे वळून विचारलं. "शास्त्रीबुवांना त्रास होतो ना?"

रत्नाकररावांनी खिडकीतून गंगेकडे बघितलं. "ते आपण त्यांना समजावून देऊ. सायंकाळी कुठे असते पठण."

सहा वर्षं जे विघ्न होतं ते थाळीबरोबर वाढलं की चालणार होतं. शरदिनीच्या कानशिलाची शीर उडायला लागली. वर्गातल्या मोठ्या मुलींना ती शीर ओळखू यायची, त्या दोन पावलं मागे सरकल्या.

"कुणाल, माझ्या मुली नाच शिकतायत," ती म्हणाली. "पापडाऐवजी वाढायला नाहीत त्या. तुला ताटात काहीतरी कुरकुरीत पाहिजे असेल तर घाटावर चणे-मुरमुरे मिळतात."

कुणाल हिरमुसला. रत्नाकरराव चिडले नाहीत, हेच वाईट लक्षण होतं. त्यांनी चपला घातल्या आणि जाता जाता एवढंच म्हणाले, "सोच-विचार करून बोलायला पाहिजे, वहिनी."

फाल्गुनात मंडळाचं पत्र आलं. ठरावाची नक्कल, खाली अध्यक्षांची थरथरती सही, म्हणजे ठराव कायम झालेला. रत्नाकररावांनी पत्र स्वतः आणून दिलं आणि यावेळी चहाला थांबले नाहीत.

‘ठराव क्रमांक चार. सौ. शरदिनी देवस्थळी यांना अक्षय्य तृतीयेपर्यंत हॉल खाली करून द्यायला पाहिजे.’

शरदिनीने वाचलं आणि कागद सुमंतच्या हातात दिला. सुमंतने वाचलं आणि चष्मा पुसला. दोघांनाही अर्थ कळायला अडचण आली नाही. इतक्या वर्षांत पाटणकरी मराठी त्यांच्या कानात मुरलं होतं. अक्षय्य तृतीयेपर्यंत चंबूगबाळं आवरा.

पुढचे पंधरा दिवस ती जागा शोधत फिरली. दशाश्वमेधापासून भोसले घाटापर्यंत एक गल्ली सोडली नाही. जिथे म्हणून सव्वीस मुली उभ्या राहतील एवढी फरशी होती, तिथे पलंग पडले होते आणि भिंतीवर ‘हर हर महादेव’च्या खाली वायफायचा पासवर्ड लिहिला होता. घरची गच्ची सव्वीस मुलींना पुरणार नव्हती, आणि घरमालकाने ती केव्हाच कॅफेला दिली होती. परीक्षा वैशाखात. अन्नपूर्णेला जायची वाट तीच होती, पण रिपोर्ट द्यायला शब्द सुचेनात. एक दिवस ती देवीसमोर नुसतीच उभी राहिली, तर मागच्या बाईने कोपराने ढोसलं, "माताजी, आगे बढ़िए, सबको दर्शन करना है." देवीकडेही फार वेळ जागा मिळत नाही.

शेवटी तिने मुलींना सांगायचं ठरवलं. अशा वेळी गोड शब्दांत सांगणं तिला येत नव्हतं. तिने ठरावाचा कागद काढला आणि जसाच्या तसा वाचून दाखवला.

मोठ्या मुलींचे चेहरे पडले. एक दोघी रडायलाच लागल्या. अंतरा मात्र खुशीत दिसली.

"बाई, खाली म्हणजे कोठारात ना? मग ते सामान कुठे नेणार?"

"अगं, खाली म्हणजे..." शरदिनी समजवायला गेली आणि थांबली. तिने कागद पुन्हा डोळ्यांसमोर धरला. या वेळी काशीची सत्तावीस वर्षं बाजूला ठेवली आणि अमरावतीच्या शाळेत, तिसऱ्या बाकावर बसून तो वाचला. सौ. शरदिनी देवस्थळी *यांना*. हॉल. *खाली*. करून द्यायला पाहिजे.

यांनी नव्हे, यांना. रिकामा नव्हे, खाली. ‘उनको हॉल खाली कर देना चाहिए’ हे हिंदीतलं वाक्य रत्नाकररावांनी शब्दाला शब्द लावून मराठीत आणून बसवलं होतं, आणि बसवता बसवता तिला खालच्या मजल्यावर हॉल बांधून दिला होता. सहीशिक्क्यासकट.

"अंतरा," ती म्हणाली, "उद्यापासून तू पहिल्या रांगेत."

गुढीपाडव्याला मंडळाची वार्षिक सभा असते. हॉलच्या मधल्या खिडकीला गुढी होती, वाटीत कडुनिंब-गूळ होता आणि रत्नाकररावांच्या डोक्याला फेटा होता. अध्यक्षांच्या खुर्चीत वेणीमाधवशास्त्री डोळे मिटून बसले होते. त्यांना झोप लागली आहे की ध्यान, हे मंडळात कोणी ठरवायच्या भानगडीत पडत नसे. अहवाल झाला, आभार झाले, आणि सभासद चहाकडे बघायला लागले तेव्हा शरदिनी उठली.

रत्नाकरराव तयारीत होते. रडारड होईल, गयावया होईल, मग आपण मन मोठं करून आठ दिवस वाढवून देऊ, असं त्यांनी मनाशी योजलं होतं.

"अध्यक्षमहाराज," ती म्हणाली, "ठराव क्रमांक चारबद्दल मी मंडळाची फार आभारी आहे."

रत्नाकररावांचा फेटा जरा हलला.

"मुदतीला महिनाच उरलाय. तेव्हा कोठाराची किल्ली कधी मिळेल तेवढं सांगावं. सामान हलवायला दिवस लागतील, म्हणून म्हटलं."

"कोणती किल्ली?" रत्नाकररावांनी विचारलं.

"खालची."

"वहिनी, काहीतरी गलतफहमी होऊन राहिली आहे तुमची—"

शास्त्रीबुवांनी डोळे उघडले. त्यांना सगळ्यांचे ओठ हलताना दिसत होते. त्यांनी डाव्या कानामागे हात धरला. "काय चाललंय? कुठला ठराव? वाचा बघू. मोठ्याने."

आता वाचणं भाग होतं. आपण लिहिलेलं मोठ्याने वाचायची संधी आली की रत्नाकररावांचा आवाज आपोआप चढतो. या वेळीही तो चढला. "सौभाग्यवती शरदिनी देवस्थळी यांना अक्षय्य तृतीयेपर्यंत हॉल खाली करून द्यायला पाहिजे!"

"बरोबर आहे," शास्त्रीबुवा म्हणाले. "यांना खाली हॉल करून द्यायचा. चांगला ठराव आहे, म्हणून तर सही केली. मग दिला का?"

"तसं नाही, बुवा! खाली म्हणजे... खाली!" रत्नाकररावांनी उजवा हात हवेत बाहेर फेकला. शरदिनीच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलीसुद्धा नवव्या मात्रेला इतका सुरेख हात फेकत नाहीत.

"म्हणजे रिकामा?"

"हां! रिकामा!"

"मग रिकामा लिहायचं होतं."

"आणि यांना म्हणजे... यांनी."

"मग यांनी लिहायचं होतं." शास्त्रीबुवा खुर्चीत सरळ झाले. झोप असो की ध्यान, ते पुरतं उतरलं होतं. "रत्नाकर, विभक्ती मी शिकवली होती तुला. याच हॉलमध्ये, तिथे खांबापाशी बसायचास. चतुर्थी कशाची? दानाची. ‘ना’ लावलंस की द्यावं लागतं, बाबा. नुसतं लावून चालत नाही."

मागच्या रांगेत कोणीतरी खोकल्यासारखं हसलं. रत्नाकररावांचा चेहरा फेट्याच्या रंगाला जाऊन मिळाला. "ठीक आहे, तर मग आत्ताच्या आत्ता दुरुस्ती करू या. सभा बसलेलीच आहे."

"नाही करता येणार, बाबा."

आवाज दारातून आला होता. मृणालिनी चहाचा ट्रे घेऊन उभी होती, पदर खोचलेला, कपाळावर घाम. "कलम अकरा. कायम झालेला ठराव वर्षभर उघडायचा नाही. लिहिलेल्या शब्दाला धरून चालायचं." तिने ट्रे अध्यक्षांसमोर ठेवला. "तुम्हीच तर घातलंय. जेवताना रोज सांगता."

समितीवर आल्यापासून साखर सोडून दुसऱ्या विषयावर ती पहिल्यांदा बोलली होती. मत फार गोड नव्हतं.

सभेत जे व्हायचं ते झालं. कोणी म्हणालं शब्दाला धरून चाला, कोणी म्हणालं चहा गार होतोय. शास्त्रीबुवांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि शरदिनीकडे वळले. "बाई, एक विचारू का? बरेच दिवस मनात आहे. वर जिना चढताना मी तुमच्या मुलींना बघतो. पाय फार सुंदर पडतात. पण बिचाऱ्या घुंगरू का बांधत नाहीत? परवडत नाहीत का?"

"आपल्याला त्रास होतो म्हणून," शरदिनी म्हणाली. तिला ते कानापाशी जाऊन दोनदा सांगावं लागलं.

"मला?" शास्त्रीबुवा म्हणाले. "मला दहा वर्षांत शंख ऐकू आला नाही!"

त्यांनी रत्नाकररावांकडे बघितलं. रत्नाकरराव कडुनिंबाच्या वाटीकडे बघत होते. त्यांनी एक घास उचलून तोंडात टाकला आणि तो नुसत्या कडुनिंबाचा निघाला, गूळ तळाशी राहिला होता.

कोठार उघडलं त्या दिवशी गल्लीत गर्दी झाली होती. आतून मंडळाचं सामान निघेल असं सगळ्यांना वाटत होतं. मंडळाचं निघालं ते गणपतीच्या मखराचे बांबू, दोन पितळी घंगाळं आणि भाता फाटलेली एक पेटी. बाकी निघालं ते रत्नाकररावांच्या घरचं : जुना कूलर, मुलीच्या लग्नातला सोफा, तीन गाद्या, नातवाची सायकल आणि पोतंभर जुने चपला-बूट. सुमंत दारात उभा राहून एकेक वस्तू बघत होता. शेवटी त्याने आपल्या सरळ स्वभावाप्रमाणे विचारलं, "रत्नाकरराव, हे सगळं कायम झालेलं आहे का?"

शरदिनीने जागा तीन दिवस धुतली. कोळिष्टकं काढली, चुना मारला, कोपऱ्यात अन्नपूर्णेची तसबीर लावली. खिडकी एकच, तीही गल्लीकडे. गंगा दिसत नाही. फरशी मात्र वरच्याच दगडाची, आणि घुंगरांबद्दल खालच्या हॉलसाठी कुठल्याच कागदावर एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. दारावर तिने पाटी लावली. या वेळी शब्द शास्त्रीबुवांना दाखवून घेतले.

अक्षय्य तृतीयेला सव्वीस मुलींनी पिशव्यांतून घुंगरू काढले, कपाळाला लावले आणि बांधले. सहा वर्षं तळव्यांनी जे एकट्याने पेललं होतं, त्याच्यावर आता घुंगरू चढले. पहिली सम पडली तेव्हा कोठाराच्या भिंतींचा नवा चुना थोडा झडला.

वर त्याच संध्याकाळी कुणालच्या अनुभूतीचा मुहूर्त होता. पाहुण्यांनी थाळ्या सोडून जिन्यात येऊन वाकून बघायला सुरुवात केली. शरदिनीने जाऊन दार लावून घेतलं. लावता लावता तिला रत्नाकरराव दिसले. ते पाहुण्यांना परत वर न्यायला आले होते आणि उंबऱ्याशीच घुटमळत होते.

"वहिनी, एक बतवून ठेवतो," ते म्हणाले. "भाद्रपदात इथं पाणी भरतं. पछतावाल."

"भरू दे की," शरदिनी म्हणाली. "गंगामाई आली तर पहिल्यांदा आमच्याकडे येईल. वर तुमच्याकडे यायचं तर बिचारीला थाळी बुक करावी लागेल."

दार लागलं. आत तिने पुन्हा सम धरली. रत्नाकरराव जिना चढायला लागले. आवाज इतका खणखणीत होता की त्यांचे पाय न कळत ठेक्यात पडायला लागले, एक, दोन, तीन, चार. पाचव्या पायरीवर त्यांनी मानही हलवली. आठवीपर्यंत सगळं ठाकठीक चाललं होतं. नवव्या पायरीवर मात्र त्यांचा पाय चुकला आणि कठड्याला धरून ते कसेबसे सावरले. तिथे खाली असते, हे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं.